टेबलाभोवतीची दुसरी नजर

कॅरमच्या बोर्डाभोवती चौघे बसले आहेत. एकाने स्ट्रायकर रेषेवर ठेवला, जरासा डावीकडे सरकवला आणि बोट टेकवले. अद्याप त्याने टिचकी मारलेली नाही. तरीही समोर बसलेल्या भिडूला आणि दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना कळून चुकलेले असते, की आता हा राणीच्या मागे लागणार! कोणीही काही बोललेले नसते. सोंगट्या एकाच ठिकाणी मांडलेल्या असतात, सर्वांचे हात सर्वांना दिसत असतात आणि त्यामुळे प्रत्येकाची चाल प्रत्यक्ष घडण्याआधीच इतरांच्या लक्षात येते.

कॅरममध्ये हा खेळाचा आनंद असतो. परंतु जेथे एका चुकीची किंमत मनुष्यप्राणांनी मोजावी लागते, अशा हवाई वाहतूक नियंत्रण, विमानवाहू नौका, लष्करी वा आपत्कालीन नियंत्रण कक्ष यांसारख्या ठिकाणी सहकाऱ्याचा हात नजरेसमोर असणे हा सुरक्षिततेचा एक मूलभूत आधार ठरतो. गेल्या तीन दशकांत जगातील अनेक प्रयोगशाळांनी अशा चमूंसाठी टेबलाच्या पृष्ठभागालाच संगणकाचा पडदा बनविण्याचे प्रयत्न केले. अनेकांनी एकाच वेळी बोटांनी हाताळावयाचा हा पडदा दिसावयास मोहक असतो, यात शंका नाही. मात्र त्याचे मूल्यमापन करताना प्रश्न वेगळाच विचारावा लागतो. जुने, निर्जीव टेबल जे काम मुकाट्याने करीत होते, ते हे नवे टेबल करते का?

जमिनीखालचे टेबल

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे, १९४० मध्ये जावे लागेल. लंडनच्या पश्चिमेस अक्सब्रिज येथे जमिनीखाली सुमारे ६० फूट खोल ब्रिटिश हवाई दलाच्या ११व्या गटाचा नियंत्रण कक्ष होता. 'बॅटल ऑफ ब्रिटन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवाई युद्धात आग्नेय इंग्लंडच्या संरक्षणाची सूत्रे येथून हलत. कक्षाच्या मधोमध एक भले मोठे टेबल व त्यावर नकाशा. कानाला दूरध्वनीचे संच लावलेल्या महिला कर्मचारी लांब काठ्यांनी त्या नकाशावर विमानांच्या खुणा सरकवीत. वरच्या सज्जातून नियंत्रक अधिकारी हे सारे चित्र एका दृष्टिक्षेपात पाहत आणि कोणती तुकडी आकाशात धाडायची, याचा निर्णय घेत.

या टेबलाची सर्वांत हुशार युक्ती भिंतीवर होती. तेथील घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या तांबड्या, पिवळ्या व निळ्या भागांत विभागलेली होती. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची खूण नकाशावर ठेवायची, असा नियम होता. त्यामुळे काटा निळ्या भागात असताना नकाशावर एखादी पिवळी खूण दिसली, की ती माहिती मागच्या पाच मिनिटांतील आहे, हे कोणालाही न विचारता समजे. शत्रूची विमाने मिनिटाला कित्येक मैल अंतर कापत असताना माहिती किती शिळी आहे, हे ठाऊक असणे माहितीइतकेच महत्त्वाचे होते. १५ सप्टेंबर १९४० रोजी विन्स्टन चर्चिल याच कक्षात उपस्थित होते आणि राखीव एकही तुकडी उरली नसल्याचे त्यांना तेथेच समजले. हा भूमिगत कक्ष आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आला आहे.

अमेरिकी विमानवाहू नौकांवरही असेच एक टेबल दशकानुदशके वापरात राहिले. तेथील कर्मचारी त्याला गमतीने 'विजा बोर्ड' म्हणत. डेकच्या छोट्या प्रतिकृतीवर विमानांचे कापलेले आकार मांडलेले असत आणि त्यांवर ठेवलेले नट, वायसर, रंगीत टाचण्या यांवरून कोणत्या विमानाला इंधन हवे, कोणते दुरुस्तीत आहे, हे कळे. अब्जावधी डॉलरची नौका आणि तिच्या डेकचा हिशेब नट-टाचण्यांवर! पण त्यात वीज जाण्याची भीती नव्हती आणि भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला तेच चित्र दिसत होते.

कागदाच्या पट्टीची ताकद

दुसरे उदाहरण हवाई वाहतूक नियंत्रणाचे. रडारचा पडदा सर्वांना माहीत असतो. परंतु त्याच्या जोडीला वर्षानुवर्षे कागदाची एक साधी पट्टी वापरली जात आली. सुमारे इंचभर रुंद आणि वीतभर लांब. एका विमानासाठी एक पट्टी. विमानाचा क्रमांक, मार्ग, उंची, वेळ असा तपशील तीवर छापलेला असतो. नियंत्रकाने वैमानिकाला उंची बदलण्याची सूचना दिली, की तो पट्टीवरील जुना आकडा खोडून नवा लिहितो. त्याच्या क्षेत्रातील सर्व विमानांच्या पट्ट्या समोरच्या फळीवर ओळीने लावलेल्या असतात.

संगणकाच्या युगात ही पट्टी कालबाह्य वाटावी. ती हद्दपार करण्याचे प्रयत्नही अनेकदा झाले. पण नियंत्रक तिला सहजासहजी सोडेनात. हा केवळ जुन्या सवयीचा हट्ट आहे काय? ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या नियंत्रण केंद्रात बसून नियंत्रकांच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला. पुढे संशोधक वेंडी मॅके यांनी पॅरिसजवळील आतीस-माँ येथील केंद्रात एका चमूसोबत अनेक महिने घालवून १९९९ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कागद अधिक सुरक्षित आहे काय, हाच प्रश्न त्यांनी शीर्षकात विचारला होता.

या अभ्यासांतून जे दिसले, ते कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेले नव्हते. एखाद्या विमानाबाबत शंका असली, की नियंत्रक ती पट्टी ओळीतून किंचित बाहेर ओढून तिरपी ठेवतो. ती तिरपी पट्टी म्हणजे स्वतःला आणि शेजाऱ्याला दिलेली आठवण. एका क्षेत्रासाठी दोन नियंत्रक शेजारी-शेजारी बसतात. एक वैमानिकांशी बोलत असताना दुसरा हात पुढे करून त्याच फळीवरील दुसऱ्या पट्टीवर नोंद करतो. पहिला मान वळवीत नाही, संभाषण थांबवीत नाही. तरी डोळ्यांच्या कडेने त्याने ते पाहिलेले असते. महत्त्वाची पट्टी थेट सहकाऱ्याच्या हातात ठेवली, तर ती 'मला कळले नव्हते' असे म्हणण्यास वाव ठेवत नाही. तीच सूचना संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात उमटली असती, तर ती वाचली गेली की नाही, हे पाठविणाऱ्याला कसे कळणार?

एक रात्र, एकच नियंत्रक

ही दुसरी नजर नसली तर काय होऊ शकते, हे १ जुलै २००२ च्या रात्री दिसले. जर्मनीतील युबरलिंगेन गावावरील आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिकहून होत होते. रात्री वाहतूक कमी म्हणून दोनपैकी एक नियंत्रक विश्रांतीसाठी गेला होता. तेथे ही पद्धत रूढ झाली होती. उरलेला एकटा नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. एका पडद्यावर उंचावरील वाहतूक आणि दुसऱ्यावर जवळच्या विमानतळावर उतरू पाहणारे एक उशिरा आलेले विमान. त्याच रात्री देखभालीच्या कामामुळे रडार यंत्रणा मर्यादित स्वरूपात चालू होती व टकरीचा पूर्वइशारा पडद्यावर दाखविणारी सोय उपलब्ध नव्हती. दूरध्वनीच्या मुख्य वाहिन्याही बंद होत्या. शेजारच्या कार्लस्रूहे केंद्रातील नियंत्रकांना धोका दिसला होता. त्यांनी संपर्काचे प्रयत्नही केले, पण फोन लागेना.

सुमारे ३६ हजार फुटांवर रशियाचे तुपोलेव्ह प्रवासी विमान आणि एक बोइंग मालवाहू विमान एकमेकांच्या मार्गात येत होते. नियंत्रकाच्या हे लक्षात आले, तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने तुपोलेव्हला खाली येण्यास सांगितले; त्याच वेळी विमानातील टक्करप्रतिबंधक यंत्रणा वर जाण्यास सांगत होती, तर बोइंगला तीच यंत्रणा खाली आणत होती. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले आणि दोन्ही विमाने एकाच दिशेने उतरली. दोन्ही विमानांतील सर्व ७१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सुट्टीसाठी निघालेली शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती.

जर्मन तपास यंत्रणेच्या २००४ मधील अहवालात अनेक कारणे एकत्र आल्याचे दिसते. 'अमुक प्रकारचे टेबल असते तर हा अपघात टळला असता' असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु शेजारच्या खुर्चीतील माणूस ही चैन नसून सुरक्षा यंत्रणेचाच एक भाग आहे, हा धडा मात्र त्या रात्रीने शिकवला. म्हणूनच नवी साधने बनविताना ती दोन माणसांना जवळ आणतात की परस्परांपासून तोडतात, ही बाब निर्णायक ठरते.

टेबलाला स्पर्श कसा कळतो?

टेबलालाच संगणक बनविण्याच्या कल्पनेला १९९१ च्या सुमारास मूर्त रूप आले. इंग्लंडमधील केंब्रिज येथील झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पिअर वेलनर यांनी 'डिजिटल डेस्क' तयार केले. साध्या टेबलाच्या वर प्रोजेक्टर व कॅमेरा टांगलेला असे. प्रोजेक्टर टेबलावर चित्र टाकी आणि कॅमेरा बोट कोठे आहे, ते पाही.

पुढे कॅमेरा टेबलाखाली गेला. जेफ हान यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अॅक्रिलिकच्या जाड काचेसारख्या तावात कडेने अवरक्त प्रकाश सोडला जातो. तो आतल्या आत परावर्तित होत राहतो; जेथे बोट टेकते, तेथे मात्र खाली सांडतो व खालच्या कॅमेऱ्याला तो ठिपका दिसतो. मायक्रोसॉफ्टने मे २००७ मध्ये जाहीर केलेल्या 'सरफेस' या ३० इंची टेबलातही अवरक्त प्रकाश टिपणारे पाच कॅमेरे होते. (पुढे २०१२ मध्ये या टेबलाचे नाव 'पिक्सेलसेन्स' झाले आणि 'सरफेस' हे नाव कंपनीच्या टॅब्लेटकडे गेले.) या पद्धतीची अडचण अशी, की सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. विमानतळावरील काचेच्या मनोऱ्यात असे टेबल ठेवले, तर उन्हाने ते गोंधळू शकते.

सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी ठरले ते २००१ मध्ये अमेरिकेतील मित्सुबिशीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेले 'डायमंडटच'. त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक वाहक पट्ट्यांचे जाळे असून प्रत्येक पट्टीतून वेगळा, अत्यंत क्षीण विद्युतसंकेत सोडला जातो. माणसाने बोट टेकवले, की तो संकेत त्याच्या शरीरातून खुर्चीपर्यंत पोहोचतो आणि तेथील ग्राहक त्याची नोंद घेतो. प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र ग्राहक असल्याने स्पर्श कोठे झाला याबरोबरच तो कोणी केला, हेही टेबलाला कळते. आपल्या मोबाइलच्या पडद्याला बोट कळते, पण बोट कोणाचे हे कळत नाही. विमानाला उंची बदलण्याची सूचना नोंदविण्याचा अधिकार एकालाच असेल, तर हा फरक किती मोठा आहे, हे सहज ध्यानात येईल.

टेबलाची अलिखित शिस्त

तंत्रज्ञान जमले, तरी माणसे टेबलाभोवती कशी वागतात, हे समजल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. कॅनडातील स्टेसी स्कॉट, शीला कार्पेंडेल व कोरी इंकपेन या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की कोणी न सांगता माणसे टेबलाची वाटणी करतात. आपल्या पुढ्यातली जागा स्वतःची, मधली जागा सर्वांची आणि तात्पुरत्या वस्तू ठेवण्याची जागा कडेला. कागद कोणाच्या दिशेने फिरवला आहे, यावरूनही तो कोणासाठी आहे, हे समजते. आपल्याकडे पंगतीत शेजाऱ्याच्या ताटात कोणी हात घालत नाही, पण मध्ये ठेवलेला तांब्या सर्वांचा असतो. त्यासाठी पाटी लावावी लागत नाही. तसेच हे आहे.

संगणकीय टेबलाने ही शिस्त मोडली, तर घोटाळे होतात. एकाने नकाशा मोठा केला, की दुसरा जे पाहत होता ते पडद्याबाहेर जाते. कोपर वा शर्टाची बाही टेकली, तरी यंत्राला ती आज्ञा वाटते. समोरासमोर बसलेल्यांपैकी एकाला अक्षरे उलटी दिसतात. वाकून तासन्तास काम केल्याने मान आखडते. बैठकीच्या खोलीत या गोष्टी किरकोळ त्रासाच्या ठरतात. नियंत्रण कक्षात त्या धोक्याच्या ठरू शकतात.

फ्रान्समधील संशोधकांनी हवाई नियंत्रकांसाठी असे सामाईक टेबल प्रत्यक्ष बनवून पाहिले आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नवी उपकरणे नियंत्रकांना एकमेकांपासून दूर नेत आहेत, हीच त्यांची मूळ चिंता होती. त्यांनी नियंत्रकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्यासह कार्यशाळा भरविल्या आणि मग टेबलाची रचना केली. त्यात एकाने सुरू केलेली कृती अर्धवट अवस्थेत टेबलावर दिसत राहते व दुसरा ती पूर्ण करू शकतो. एकाने काय केले, ते दुसऱ्याला ठळकपणे दिसावे, याचीही काळजी घेण्यात आली. प्राथमिक चाचणीत तिघांनाही त्या टेबलावर एकत्र आणि स्वतंत्रपणे काम करता आले. पण त्यांचा आणखी एक निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. माणसांना नुसते जवळ बसविल्याने परस्परांविषयीची जाणीव निर्माण होत नाही. त्यांच्या कामातच अर्थपूर्ण सहकार्य असावे लागते.

वीज गेली तर?

सुरक्षेच्या क्षेत्रात प्रत्येक साधनाला एक अंतिम प्रश्न विचारला जातो. ते बंद पडले तर काय? अक्सब्रिजच्या टेबलावरील खुणा दूरध्वनी तुटला तरी जागच्या जागी राहत. संगणकीय टेबलाचा पडदा काळा झाला, तर संपूर्ण चित्रच नाहीसे होते आणि प्रत्येकाला ते आठवणीतून उभे करावे लागते.

यावर अमेरिकेतील फिलिप कोहेन व डेव्हिड मॅगी यांनी शोधलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. लष्करी ठाण्यांवरील अधिकारी कागदी नकाशा व त्यावर चिकटविलेल्या छोट्या चिठ्ठ्या वापरतात, संगणक टाळतात, हे त्यांनी पाहिले. मग नकाशा काढून घेण्याऐवजी त्यांनी 'रासा' नावाची अशी प्रणाली तयार केली, जी चिठ्ठीवरील खूण व अधिकाऱ्याचे बोलणे ओळखून तीच नोंद संगणकात करते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या प्रणालीमुळे काम मंदावले नाही. तसेच संगणकाचा आधार नाहीसा झाला, तरीही काम न थांबता पुढे चालू राहिले. कारण नकाशा व चिठ्ठ्या समोरच होत्या. फ्रान्समधील तुलूझ येथील 'स्ट्रिप-टिक' या प्रायोगिक प्रणालीनेही हाच धागा पकडला. पट्टी कागदाचीच, पण लेखणी डिजिटल आणि पट्टीवर प्रोजेक्टरने टाकलेली ताजी माहिती.

अर्थात कागदालाही मर्यादा आहेत. कागदावर लिहिलेले संगणकाला कळत नाही आणि त्यामुळे तो धोक्याचा इशाराही देऊ शकत नाही. वाढत्या वाहतुकीत ही त्रुटी परवडणारी नाही. म्हणूनच कॅनडात विकसित झालेल्या स्पर्शपडद्यावरील इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांसारख्या प्रणाली आता प्रत्यक्ष वापरात आहेत. कागद जातो आहे, जाणारही. त्याच्या जागी येणाऱ्या पडद्याने तिरपी पट्टी, शेजाऱ्याचा पुढे आलेला हात आणि हातात ठेवलेली जबाबदारी यांची जागा कशाने भरून काढली, एवढेच पाहावयाचे आहे.

आपल्याकडे एखाद्या नव्या नियंत्रण कक्षाचे उद्घाटन झाले, की छायाचित्र हमखास भिंतभर पसरलेल्या पडद्यांचे असते. पडदे किती, इंच किती, कोटी किती, याची चर्चा होते. पुढच्या वेळी असे छायाचित्र पाहताना पडद्यांऐवजी खुर्च्यांकडे पाहावे. शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांचे हात दिसतात का? एकाने चुकीची नोंद केली, तर दुसऱ्याला ती विचारल्याशिवाय कळेल का? माहिती किती मिनिटांपूर्वीची आहे, हे नजर टाकताच समजते का? आणि वीज गेल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात टेबलावर काय उरते? या चार प्रश्नांची उत्तरे निविदेच्या कागदांत सापडली, तर खर्च केलेला पैसा सार्थकी लागला, असे समजण्यास हरकत नाही.